त्या चार दिवसांचं गणित

मागच्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीला आमच्या सचिव ताई दाराबाहेरच बसल्या. कावळा शिवला होता. वही मी लिहिली. एक मावशी म्हणाल्या, "बरंच झालं. या दिवसांत बाईचं डोकं ठिकाणावर नसतं, हिशोब चुकतो."

बी.ए.ला मला मानसशास्त्र होतं. तेव्हा वाचलेली लेटा हॉलिंगवर्थ आठवली.

त्याआधी थोडं मागं जाते. अमेरिकेत टिचनर नावाचे प्राध्यापक म्हणत, मनाचे भाग सुटे करून बघा. म्हणजे शिलाई मशीन खोलून स्क्रू मोजल्यासारखं. पण विल्यम जेम्सनं १८९० साली मोठा ग्रंथ लिहिला, पुढं जॉन ड्यूई आले. त्यांचा प्रश्न निराळा: हे मशीन शिवतं काय? मन माणसाला जगायला कसं उपयोगी पडतं? डार्विनच्या विचारातून आलेल्या या मताला 'कार्यवाद' म्हणतात. शिकागो आणि न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ ही त्याची ठाणी. गंमत बघा, त्याच डार्विनचं नाव घेऊन पुष्कळ विद्वान बाईला कमी अकलेची ठरवत होते.

लेटा नेब्रास्कात शिक्षिका होती. लग्नासाठी न्यूयॉर्कला आली, तर तिथं लग्न झालेल्या बाईला सरकारी शाळेत शिकवायला बंदी! मग ती कोलंबियात शिकायला लागली. डॉक्टर लोक लिहीत, पाळीत बाईचं काम बिघडतं. मोजून मात्र फारसं कुणी बघत नव्हतं. लेटानं मोजलं. २३ बायका आणि तुलनेला २ पुरुष. बोटानं किती भरभर ठोकता येतं, हात किती स्थिर राहतो, रंगांची नावं किती झटकन सांगता येतात, टंकलेखन कसं शिकतात, अशा चाचण्या. काहींच्या तर तीन महिने, रोज. १९१४ साली निकाल छापला: पाळीच्या दिवसांत कामात घट दिसली नाही. तिचे मार्गदर्शक थॉर्नडाइक स्वतः बुद्धीच्या बाबतीत पुरुषांची बाजू धरणारे, तरी १९१६ला तिला डॉक्टरेट मिळाली.

हे मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि पोट दुखतं ते?"

दुखतं ते खरंच, मी म्हटलं. दुखलं तर पडून राहावं. पण ताईंचं दुखत नव्हतं, त्या बाहेर बसून माझी बेरीज तपासत होत्या. एक चूक त्यांनीच काढली, चाळीस रुपयांची.