बटणे गेली आणि परत आली

2001 मध्ये आयपॉड आला. गोल चाकावर अंगठा फिरवला की हजार गाण्यांची यादी भराभर सरके. 2009 च्या चिमुकल्या आयपॉड शफलवर मात्र पडदा नव्हता आणि गाणे बदलायचे बटणही नव्हते. ते इअरफोनच्या वायरवर गेले. वायर तुटली आणि साधा इअरफोन लावला, की गाणे बदलता येईना. हे यंत्र गाण्याचे नाव बोलून सांगे. सोय मोठी, पण त्याच्या 14 भाषांत ना हिंदी, ना मराठी. 2010 मध्ये बटणे परतली, बोलणेही टिकले. मला वाटते, वस्तू लहान करण्याआधी एवढे विचारावे: बोट कुठे ठेवायचे?