दर्या, दऱ्या आणि प्रमाण प्रत

माहीम पार्क या नावाने 1925 मध्ये खुल्या झालेल्या मैदानाला 1927 मध्ये 'शिवाजी पार्क' हे नाव मिळाले. हे नाव संगणकावर लिहिले की युनिकोडच्या नियमाने, मधली मोकळी जागा धरून, बारा चिन्हांची एक ओळ तयार होते. ही ओळ उच्चाराच्या क्रमाने असते: आधी श, मग ऱ्हस्व वेलांटी, पुढे आधी र, मग हलन्ताचे चिन्ह, मग क. वाचकाला मात्र वेलांटी श च्या अलीकडे आणि रफार क च्या माथ्यावर हवा असतो. लिनक्सवर हा उलटफेर जी लायब्ररी करते (आपल्या वाचनालयांशी तिचे नाते केवळ नावापुरते) ती हार्फबझ. नाव फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे खुले. तिचे प्रमुख कर्ते बेहदाद इस्फहबोद हेही मूळचे इराणी.

या वाटेवर आपल्याकडची माणसे आधीच चालून गेली होती. मायक्रोसॉफ्टने विंडोज 2000 सोबत दिलेला 'मंगल' हा फाँट मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला. शिवाजी पार्कपासून जवळच, माटुंग्याच्या व्हीजेटीआयमध्ये, प्रा. जितेंद्र शहा यांच्या इंडिकट्रान्स गटाने 'गार्गी' हा मुक्त फाँट सिद्ध केला आणि तो डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेज म्हणून दाखल झाला. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे 'लोहित' फाँट रेड हॅटने 2004 मध्ये खुले केले. परंतु फाँट म्हणजे नुसते खिळे, जुळारी वेगळा. तो प्रत्येक प्रणालीत निराळा असल्याने एका खिडकीत शुद्ध दिसणारा शब्द दुसरीत मोडका दिसे.

2012 च्या सुमारास हार्फबझचा भारतीय लिप्यांचा भाग नव्याने लिहिला गेला, तेव्हा त्याची परीक्षा कशी घ्यावी हा प्रश्न उभा राहिला. सात लाखांहून अधिक देवनागरी शब्द घेऊन हार्फबझचे उत्तर मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबच्या उत्तराशी ताडून पाहिले गेले. पुण्यातील रेड हॅटच्या अभियंत्यांनी जमवलेली अक्षरे आणि जोडाक्षरेही चाचण्यांत आली. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकरांनी अनेक प्रतींची तुलना केली होती. येथे प्रमाण प्रत एकच, आणि तीही एका कंपनीची. मराठी लेखनाची शुद्धता कोणी ठरवावी, हा प्रश्न कोणत्याही साहित्य परिषदेपुढे न येता असा परस्पर निकालात निघाला, याची नोंद आमच्या साहित्येतिहासांत आढळत नाही.

पॅकेज करणाऱ्याचे काम येथून सुरू होते. डेबियनमध्ये लायब्ररीची बांधणी होताना तिच्या चाचण्याही चालतात. त्या निरनिराळ्या जातींच्या यंत्रांवर चालतात आणि एखादी नापास झाली तर त्या यंत्रापुरती बांधणी थांबते. मग पॅकेजकर्त्यापुढे दोन वाटा राहतात. चूक शोधावी, किंवा ती चाचणीच वगळून पुढे जावे. दुसरी वाट सोपी असते. एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून पुढच्यांना तीत भर घालण्याविरुद्ध बजावले. पॅकेजकर्त्याचा मोह याच्या उलटा, गाळण्याचा.

गाळलेली चाचणी क्षुल्लक वाटू शकते. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक एवढाच की दुसऱ्या शब्दात र पापणीसारखा आडवा होतो. हिंदीला हे रूप लागत नाही, म्हणून ते बिघडले तरी बहुसंख्य देवनागरी वाचकांच्या लक्षातही येणार नाही. आम्हांला मात्र शिवाजी पार्कच्या पश्चिमेचा समुद्र आणि सह्याद्रीतील खोरी एकाच अक्षरांत वाचावी लागतील; आचाऱ्याचा आचार्य होईल तो वेगळाच.

आणि चाचणीच्या आवाक्यात न येणारी अडचण आणखी एक आहे. पापणीचा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून, किंवा ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त लावून. ॲ ला स्वतःचा अंक 2008 मध्ये मिळाला. त्याआधीच्या लेखनात तो अ वर चंद्र ठेवून, दोन चिन्हांनी लिहिलेला सापडतो. पापणीच्या र च्या दोन्ही ओळींतून पडद्यावर एकच अक्षर उमटते, म्हणून चाचणी उत्तीर्ण होते. नुसती चिन्हे जुळवणाऱ्या शोधाला मात्र एका रीतीने लिहिलेल्या दऱ्या दुसऱ्या रीतीने विचारल्यास सापडत नाहीत.