धारूरचे चौथे अंग

धारूरचा किल्ला बालाघाटातल्या एका डोंगरसोंडेवर उभा आहे. तीन अंगांना दरी, चौथे अंग गावाकडच्या पठाराला जोडलेले. 1567 च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वर खानाने तो बांधला तेव्हा खंदकाचा आणि तटाचा खरा भार त्या चौथ्या अंगावर पडला. या बांधणीमागे एक हिशेब आहे: शत्रूच्या वाटा मोजायच्या, प्रत्येकीला उत्तर ठेवायचे आणि मग बिनउत्तराची एखादी राहिली का ते पाहायचे. फंक्शनल प्रोग्रॅमिंग भाषांचे कंपायलर आज हाच हिशेब करतात, आणि त्याची मर्यादा समजायला धारूरचा इतिहास फार उपयोगी पडतो.

1980 साली एडिंबरोत होप ही भाषा मांडली गेली. मूल्य कोणकोणत्या आकाराचे असू शकते ते तिच्यात आधी जाहीर करायचे आणि आकारागणिक फंक्शनचे एकेक समीकरण लिहायचे. आकार जाहीर असल्यामुळेच सुटलेला आकार यंत्राला हुडकता येतो. स्टँडर्ड एमएल या भाषेच्या 1990 च्या व्याख्येने अपुऱ्या नमुन्यांबद्दल, म्हणजे एखादा आकार सुटल्याबद्दल, इशारा देणे कंपायलरला बंधनकारक केले. सुटलेला आकार हुडकण्याची संगणकशास्त्रज्ञ ल्यूक मारांजे यांनी 2007 मध्ये मांडलेली युक्ती मला विशेष देखणी वाटते. लिहिलेल्या ओळींखाली ‘काहीही चालेल’ अशी एक ओळ कल्पायची. तिथवर पोचणारे मूल्य सापडले, तर तीच सुटलेली वाट. रोख आणि धनादेश एवढेच प्रकार धरून फंक्शन लिहिले आणि उद्या जाहीर यादीत यूपीआय आले, तर कंपायलर त्याचे नाव घेऊन इशारा देतो.

यावर आक्षेप असा, की वाटा मोजूनही धारूर 1569 मध्येच पडला. मग मोजणीचा उपयोग काय? इतिहासकार फरिश्त्याने तो प्रसंग लिहून ठेवला आहे. अहमदनगरचा सुलतान मूर्तझा निजामशाह चालून आला, किश्वर खान बाण लागून मेला आणि शिबंदीने गड सोडला. माझ्या मते तट इथे चुकला नाही; किल्लेदार पडला तर काय, हा प्रकार यादीतच नव्हता. कंपायलरलाही जाहीर यादीपलीकडचे दिसत नाही. त्याहून घातक म्हणजे शेवटी ‘उरलेले सगळे’ अशी ओळ घालून इशारा गप्प करण्याची सवय. धारूरात उरलेल्या सगळ्याची मदार एका माणसावर होती. ही ओळही तशीच, पुढे आलेला प्रत्येक नवा प्रकार ती कोणाला न कळवता गिळते.

तरीही मी मोजणीच्याच बाजूने आहे, कारण यादी बदलली की कंपायलर ती दर वेळी नव्याने तपासतो. तटाला ते जमत नाही. 1631 मध्ये मोगल सरदार आझम खान धारूरवर आला, तेव्हा खंदकाला लागून रयतेची वस्ती होती आणि तिथे आठवडी बाजार भरत असे. शाहजहानच्या दरबारी इतिहासानुसार त्याने आधी हात घातला तो या बाजाराला, आणि गड त्यानंतर घेतला.