विनयपिटकातील ‘अपमार’ आणि आपले कर्तव्य

पाली वाङ्मयात ज्याला ‘अपमार’ म्हटले आहे तो रोग म्हणजे आपल्याकडील अपस्मार, फेफरे किंवा मिरगी होय. विनयपिटकाच्या महावग्गात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपमार या पाच रोगांनी पीडित असलेल्यास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम आहे. एवढ्यावरून संघाने या रुग्णांना अपवित्र मानले, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही.

नियमाचे कारण महावग्गातच नोंदले आहे. मगधात हे रोग बळावले होते. लोक जीवकाकडे येत. परंतु राजा बिंबिसार, त्याचे अंतःपुर आणि भिक्षुसंघ यांच्या सेवेत गुंतलेल्या जीवकाला सवड नसे. तेव्हा केवळ औषध व शुश्रूषा मिळावी म्हणून लोक चीवर धारण करू लागले. एक जण तर बरा होताच संघ सोडून गेला. त्यानंतर जीवकाच्या विनंतीवरून भगवंतांनी हा नियम केला. नियमाने काही दुःखितांना दार बंद झाले, हे खरे. पण त्यात पापाचा वा विटाळाचा शब्दही नाही. उपसंपदेच्या वेळी उमेदवार ऋणमुक्त आहे काय, राजाचा सैनिक तर नाही ना, हेही विचारले जाई. ऋणको वा सैनिक त्यामुळे पापी ठरत नव्हता. रोगीही ठरत नव्हता.

याच महावग्गात, अतिसाराने पीडित झालेल्या भिक्षूला तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने स्वतः स्नान घातल्याचा प्रसंग आहे. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात वेदनांची पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात इत्यादी आठ कारणे सांगितली आहेत. कर्मविपाक हे त्यांतील केवळ एक; सर्व काही पूर्वकर्मानेच घडते, हे मत तेथे अमान्य केले आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्तच नाकारला. दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी त्यामुळे समाजाला टाळता येते, हे त्यांनी ओळखले होते.

मेंदूतील पेशींच्या विद्युत्-क्रियेत अकस्मात अतिरेक झाला की झटका येतो, हे आज सिद्ध आहे. नियमित औषधोपचाराने सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहास बाधक ठरविले होते. १९९९ मध्ये संसदेने ती तरतूद वगळली. कायदा बदलला, तरी स्थळ जुळविताना हा आजार लपविण्याची पाळी मुलींवर अजूनही येते.

झटका आलेल्यास कांदा वा चप्पल हुंगविणे, हातात लोखंड देणे, अंगाऱ्यासाठी देवऋष्याकडे नेणे, हे सारे निरर्थक आहे. रुग्णाला दाबून धरू नये. तोंडात चमचा, बोट वा पाणी घालू नये. जवळच्या टणक वस्तू दूर कराव्यात, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. झटका पाच मिनिटांहून अधिक लांबला, शुद्ध न येता पुन्हा आला किंवा प्रथमच आला असेल, तर त्वरित रुग्णालयात न्यावे. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सोबत राहावे.

जीवकाच्या काळी वैद्य अपुरे होते. आज औषध उपलब्ध आहे. आता उणीव आहे ती करुणेची आणि प्रज्ञेची. ती भरून काढणे हे प्रत्येक उपासक-उपासिकेचे कर्तव्य होय.