ब्रूज

ब्रूज : (स्थानिक डच उच्चार ब्रुख). बेल्जियममधील पश्चिम फ्लँडर्स प्रांताचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या उपनगरांसह सुमारे १,१८,०००. पैकी जुन्या तटाच्या आतील वस्ती सुमारे २०,०००. उत्तर समुद्रापासून सुमारे १५ किमी. आत, रेये या लहानशा नदीच्या पाण्यावर पोसलेल्या कालव्यांभोवती वसलेल्या या शहरी ब्रसेल्सहून आगगाडीने तासाभरात पोहोचता येते. ‘उत्तरेचे व्हेनिस’ हे बिरुद त्यास सर्रास लावले जाते. तथापि व्हेनिस खारकच्छातच उभे आहे, तर ब्रूजचे भाग्य आणि दुर्भाग्य समुद्र जवळ आल्याने व पुढे दूर गेल्याने घडले.

इतिहास : ११२८ मध्ये शहरास सनद मिळाली आणि त्यानंतर सहाच वर्षांनी, ११३४ च्या वादळाने किनारा फोडून झ्विन नावाची खाडी आत आणून सोडली. मोठी जहाजे दाम या बंदरापर्यंत येत व तेथून माल लहान पडावांतून शहरात उतरे. इंग्लंडची लोकर, तिच्यापासून विणलेले फ्लेमिश कापड, बाल्टिकची लोकरी कातडी व मेण, भूमध्य समुद्राकडील मसाले यांची ही पेठ झाली. हान्सा या व्यापारी संघाचे जर्मन, जिनोवा, फ्लॉरेन्स व व्हेनिसचे सराफ, कॅस्टील व पोर्तुगालचे व्यापारी या सर्वांच्या वखारी येथे होत्या. फान देर बूर्झ नावाच्या कुटुंबाच्या उतारगृहासमोरील चौकात हुंड्यांचे व्यवहार होत, त्यामुळे युरोपातील अनेक शेअरबाजारांनी पुढे याच घराण्याचे नाव धारण केले.

फ्रेंच राजसत्तेचा अंमल झुगारण्यासाठी १८ मे १३०२ च्या पहाटे नागरिकांनी गावातील फ्रेंच शिबंदीची कत्तल केली. फ्लेमिश शब्द ज्याला धड उच्चारता येईना तो शत्रू, ही त्या वेळची कसोटी होती असे सांगतात. त्याच वर्षी ११ जुलै रोजी कोर्त्रेकच्या रणात विणकर-कसबी लोकांच्या पायदळाने फ्रेंच सरदारांच्या घोडदळाचा धुव्वा उडविला. बर्गंडीच्या ड्यूकांच्या काळात वैभव शिगेला पोहोचले : १४३० मध्ये ड्यूक फिलिपने पोर्तुगालच्या इझाबेलाशी विवाह केला आणि त्या प्रसंगी येथे ‘गोल्डन फ्लीस’ या सरदारसंघाची स्थापना केली. चित्रकार यान व्हान आइक याचा येथेच १४४१ मध्ये अंत झाला. हान्स मेमलिंग १४९४ पर्यंत येथे चित्रे काढीत होता. इंग्रज मुद्रक कॅक्स्टनने इंग्रजीतील पहिले छापील पुस्तक सुमारे १४७३ मध्ये येथेच सिद्ध केले, असे मानले जाते.

ऱ्हासाला आरंभ राजकारणाने झाला व गाळाने तो पुरा केला. १४८८ मध्ये नागरिकांनी आपला राज्यकर्ता हाब्सबर्ग माक्सिमिलियन यासच चौकातील एका घरात कैद केले; सुटका होताच त्याने व्यापाऱ्यांना अँटवर्पकडे वळविले. इकडे झ्विन गाळाने भरत होती. १४९९ मध्ये पोर्तुगीजांनी आपली वखार अँटवर्पला हलविली आणि वास्को द गामाच्या मार्गाने आलेली मलबारची मिरी १५०१ पासून त्याच शहराच्या धक्क्यावर उतरू लागली. पुढील तीन शतके ब्रूज इतके निर्धन राहिले, की जुने पाडून नवे बांधण्याची ऐपत त्यास नव्हती. आज पर्यटक ज्याला मोहक म्हणतात ते प्रायः या दारिद्र्याचे फलित आहे. १८९२ मध्ये झॉर्झ रॉदनबाख याच्या फ्रेंच कादंबरीने मृत नगरीची ही प्रतिमा युरोपभर पसरविली आणि प्रवाशांची रीघ लागली.

प्रेक्षणीय स्थळे : मुख्य चौकातील ८३ मी. उंचीचा घंटामनोरा १२४० च्या सुमारास आरंभिला गेला. १२८० च्या आगीत त्याचा वरचा भाग व त्याबरोबर शहराचे दप्तर जळाले. त्यानंतर सनदा जाडजूड लोखंडी दारांमागे, अनेक कुलुपांच्या पेटीत ठेवण्याचा बंदोबस्त झाला. ती खोली ३६६ पायऱ्यांच्या चढणीत वाटेवरच लागते व धापा टाकणारे प्रवासी तेथे हमखास थांबतात, परंतु पेटीकडे क्वचितच पाहतात. वर ४७ घंटांचा संच आहे.

मेरीमातेच्या चर्चचा विटांचा मनोरा सुमारे ११५ मी. उंच असून आत मायकेलअँजेलोची संगमरवरी ‘माता व बालक’ ही मूर्ती आहे. ब्रूजच्याच मुस्क्रोन या व्यापारी कुटुंबाने ती विकत घेतली. मातेची दृष्टी बालकावर नसून खाली झुकलेली आहे आणि तिच्या गुडघ्यांमध्ये उभे असलेले मूल जणू एक पाऊल टाकून निघण्याच्या बेतात आहे. १७९४ मध्ये फ्रेंचांनी व १९४४ मध्ये जर्मनांनी ही मूर्ती पळवून नेली. दुसऱ्या खेपेस ती ऑस्ट्रियातील आल्टाउसे येथील मिठाच्या खाणीत सापडली. याच चर्चमध्ये बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स द बोल्ड व त्याची कन्या मेरी यांच्या समाध्या आहेत.

सेंट जॉन रुग्णालयातील मेमलिंगची चित्रे, ग्रूनिंग संग्रहालयातील व्हान आइकचे १४३६ चे मॅडोनाचित्र व १२४५ मध्ये स्थापन झालेली, भक्तिणींची पांढऱ्या भिंतींची वसाहत (१९२७ पासून बेनेडिक्टाइन जोगिणींचे वास्तव्य) ही एका दिवसाच्या प्रवाशासही पुरेशी आहेत. नवदांपत्यांच्या प्रीतीचा विषय झालेले मिनेवाटर सरोवर मुळात पाणी साठवून कालव्यांची पातळी राखण्याची सोय होती. आणि छायाचित्रांसाठी जेथे सर्वाधिक गर्दी होते तो मध्ययुगीन भासणारा बोनिफेशियस पूल १९१० मधील आहे. नौकाविहार अर्ध्या तासाचा. घंटामनोरा १९९९ मध्ये आणि संपूर्ण पुरानगर २००० मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले.

दशांश अपूर्णांकांचा १५८५ मध्ये युरोपात पुरस्कार करणारा गणिती सिमॉन स्टेव्हिन (जन्म १५४८) येथला.

उद्योग : पर्यटन, हातविणीची लेस, चॉकोलेट व बीअर. १९०७ मध्ये खुले झालेले झेब्रूज हे समुद्री बंदर महापालिकेच्या हद्दीत असून २०२२ मध्ये ते अँटवर्प बंदराशी एकत्र करण्यात आले.