काँक्रीटचा हंगाम (महागाव तालुका)

राहत्या घराचा पाया, कॉलम, बीम व स्लॅब भरण्यासाठी महागाव (जि. यवतमाळ) परिसरात निवडला जाणारा काळ. कार्तिक ते माघ, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, हा काँक्रीटला सर्वांत मानवतो. तरीही या भागात अनेक स्लॅब चैत्र-वैशाखाच्या उन्हात टाकले जातात.

जमीन व हवामान : तालुक्यातून पूस नदी वाहते व हिवरा संगम येथे पैनगंगेस मिळते. दख्खनच्या बेसॉल्टवर काळी, भारी जमीन असून उंचवट्यांवर बरड आहे. पावसाळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत. मे महिन्यात पारा 42 अंश सेल्सिअसच्या वर जाणे नित्याचे.

हंगाम चुकण्याची कारणे : कवेलूच्या व धाब्याच्या घरांची डागडुजी मृगापूर्वी उरकण्याची पद्धत जुनी आहे. काँक्रीट आले तरी ‘पावसाआधी छत’ हा हिशेब तसाच राहिला. सोयाबीन ऑक्टोबरात निघते आणि कापसाची वेचणी पुढे जानेवारीपर्यंत चालते. त्यामुळे हवा अनुकूल असते त्याच दिवसांत मजूर शेतात असतात आणि मालकाच्या हाती पैसा यायचा असतो. कापूस विकल्यावर खोदाई सुरू होते, अक्षय्य तृतीयेच्या सुमारास काम वर येते आणि स्लॅबला नेमका मे उजाडतो.

उन्हाळी काम : भारतीय मानक 7861 (भाग 1) नुसार 40 अंशांहून अधिक तापमानातील काँक्रीटकाम ‘उष्ण हवामानातील’ गणले जाते आणि भरताना मिश्रणाचे तापमानही 40 च्या आत ठेवावे लागते. उन्हात तापलेली गिट्टी व सळई, टाकीतले गरम पाणी आणि कोरडा वारा यांमुळे हे अवघड होते. पृष्ठभागावरून दर तासाला दर चौरस मीटरमागे सुमारे 1 किलो पाणी उडू लागले, की काँक्रीट घट्ट होण्याआधीच त्यावर तडे उमटण्याचा धोका असतो. मिश्रण लवकर आवळते म्हणून मिक्सरमध्ये वरून पाणी ओतले जाते. त्याने काम सोपे होते, पण ताकद कायमची घटते. 50 किलोच्या एका पोत्याला एम-20 प्रतीच्या काँक्रीटसाठी कमाल 30 लिटर पाणी, ही मानक 456 मधील मर्यादा येथे सर्वांत जास्त मोडली जाते. इलाज साधे आहेत. गिट्टीवर आदल्या दिवशी पाणी शिंपडून ती सावलीत ठेवावी, सेंट्रिंगच्या पत्र्यांवर व सळईवर भरण्यापूर्वी पाणी मारावे आणि काम संध्याकाळी सुरू करून दिवस उगवण्यापूर्वी संपवावे. पुरेसा उजेड व व्हायब्रेटर नसेल तर मात्र रात्रीचे काम टाळावे.

पाणी मारणे : खरा कस येथेच लागतो. मानक 456 (2000) साध्या पोर्टलंड सिमेंटसाठी किमान 7 दिवस, उष्ण-कोरड्या हवेत किमान 10 दिवस ओल राखण्यास सांगते. राखमिश्रित (पीपीसी) सिमेंटलाही किमान 10 दिवस लागतात आणि 14 दिवसांची शिफारस आहे. बाजारात बहुतांशी हेच सिमेंट मिळते, त्यामुळे ‘सात दिवस पाणी मारले’ हे समाधान अपुरे आहे. स्लॅबवर आळी करून पाणी साठवावे आणि कॉलमला ओले गोणपाट गुंडाळावे. दिवसातून दोनदा नळी फिरवल्याने मे महिन्यात ओल टिकत नाही. अडचण अशी की विहिरी आटतात त्याच दिवसांत ही गरज सर्वाधिक असते. पाण्याची सोय आधी बघून मगच स्लॅबची तारीख धरणे, हे मुहूर्तापेक्षा महत्त्वाचे.

पावसाळी काम : हवेतली ओल उपकारक, पण ताज्या स्लॅबवर सर आली तर सिमेंटचा लेप धुऊन जातो, ताडपत्री हाताशी हवी. ओलसर रेती फुगते, त्यामुळे घमेल्याने मोजली तर प्रत्यक्षात कमी पडते. गिट्टी-रेतीतले पाणी मिश्रणाच्या पाण्यातून वजा करावे लागते. पायाच्या खड्ड्यांत पाणी साचून तळाची काळी माती मऊ होते. 22 जुलै 2023 च्या अतिवृष्टीत तालुक्यातील आनंदनगर पुराने वेढले गेले होते. नाल्याकाठची अर्धवट कामे अशा वेळी सर्वाधिक धोक्यात येतात.

हिवाळी काम : येथील थंडी काँक्रीटला बाधक नाही; रात्रीचे तापमान 15 अंशांखाली गेल्यास सेंट्रिंग काही दिवस जास्त ठेवावे. (स्लॅबच्या 4.5 मीटरपर्यंतच्या गाळ्यास टेकू 7 दिवस, त्याहून मोठ्यास 14 दिवस हे आकडे साध्या सिमेंटचे व 15 अंशांवरील हवेचे आहेत.)

पाया : काळी माती ओलीने फुगते व उन्हाने भेगाळते. खोदाई कोणत्या महिन्यात करावी याबाबत मतभेद आहेत. भेगाळलेल्या जमिनीवर घाईने जोते उभारू नये, एवढे मात्र सर्वमान्य दिसते. काळ्या थरातून खाली मुरूम लागेपर्यंत जाणे किंवा रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले बुडाशी फुगीर पाइल वापरणे, हे हंगामापेक्षा निर्णायक उपाय.

रेती : पावसाळ्यात नदीपात्रातील उपसा बंद असतो, म्हणून ती आधीच साठवावी लागते.

घरकुले : प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात आणि ते कामाच्या टप्प्यांनुसार हप्त्याने येतात. परिणामी हंगाम हप्त्याच्या तारखेवर ठरतो. राज्याच्या 2025 च्या वाळू धोरणात घरकुलासाठी 5 ब्रासपर्यंत रेती मोफत देण्याची तरतूद आहे. ही रेती पावसाळ्यापूर्वी उचलून ठेवल्यास दिवाळीनंतर लगेच काम सुरू करता येते.