खोगीराखालची पाठ

रत्नागिरीत बसून घोड्याच्या खोगीरावर व्याख्यान द्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेलाच असतो: कोकणात घोडे होतेच कुठे? प्रश्न अगदीच चुकीचा नाही. हा मुलूख होडीचा, बैलाचा आणि पायवाटेचा. पण याच जिल्ह्यातल्या दाभोळ बंदरात अरबस्तान, खोरासान अशा लांबच्या मुलखांतून घोडे उतरत होते. पंधराव्या शतकात इकडे आलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने ते लिहून ठेवलं आहे. आणि पुढे दोनशे वर्षांनी शिवाजी महाराजांच्या पागेची पावसाळी छावणी याच जिल्ह्यात, चिपळूणजवळ पडली होती. तेव्हा घोडा इथे परका नाही. आज आपण त्या घोड्याच्या पाठीकडे बघणार आहोत.

सुरुवात शब्दापासून करू. खोगीर हा शब्द फारसीतून आला. 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घाम धरून ठेवणारी गादी ते खोगीर. जाड कापडाच्या थरांत लोकर, कापूस, चिंध्या असं काहीबाही भरून ती शिवायची. त्या भरण्यावरूनच आपला 'खोगीरभरती' हा शब्द तयार झाला. संख्या पुरी करायला घेतलेली निरुपयोगी माणसं, पानं भरायला घातलेला मजकूर, ही सगळी खोगीरभरती. म्हणजे मराठी माणसाने ठरवून टाकलं की खोगीरात काय भरलं याला काही किंमत नाही.

आमचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. स्वार वर बसून बोलतो, म्हणून त्याला भरती क्षुल्लक वाटते. घोड्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की सगळा मामला त्या भरतीतच आहे.

आता हे तपासून पाहू. घोड्याच्या कण्यावर मांस फार थोडं असतं. वजन पेलायचं ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंनी आणि बरगड्यांनी. म्हणून चांगल्या खोगीरात दोन्ही बाजूंना भरीव गाद्या आणि मधे कण्यासाठी मोकळी वाट लागते. ही वाट बुजली, की मानेच्या मुळाशी पाठीचा जो उंचवटा असतो त्यावर पहिला दाब येतो. तिथे सूज येते, मग कातडी फाटते. याला आपल्याकडे 'पाठ लागली' म्हणतात. पाठ लागलेल्या घोड्यावर जखम भरेपर्यंत खोगीर ठेवता येत नाही, म्हणजे तितके दिवस स्वार पायी.

इथे बहुतेक जण एक सोपा उपाय करतात, आणि तोच अंगाशी येतो. खोगीर टोचतंय ना, मग खाली अजून एक घोंगडी घाला! घट्ट जोड्यात दोन मोजे घातल्यावर पायाचं जे होतं, तेच मग पाठीचं होतं. जागा तेवढीच आणि जाडी वाढलेली, म्हणून दाब आणखी वाढतो. उपाय आहे तो भरतीत. जिथे पोकळी राहते तिथे भर वाढवायची, जिथे दाब येतो तिथली काढायची. दुसरी खोड म्हणजे खोगीर पुढे-मागे टेकतं आणि मधे अधांतरी राहतं. मग स्वाराचं सगळं वजन चार ठिकाणीच पडतं. तिथेही मधला भाग भरून काढावा लागतो. तिसरी अडचण गोल पाठीच्या तट्टाची. त्यावर खोगीर घसरतं, म्हणून स्वार तंग आवळतो, आणि तंगाखालची कातडी सोलवटते. तंग आवळून बेढब खोगीर नीट बसत नाही. आणि तंग कसण्याआधी खालचं कापड उंचवट्यापाशी थोडं वर उचलून घ्यायचं, म्हणजे ते कण्यावर ताणलं जात नाही आणि चुणीही राहत नाही. एवढी साधी गोष्ट, पण मजल मारायची असेल तर फार मोलाची.

खोगीर नीट बसलं की नाही हे कळायचं कसं? मजल संपल्यावर ते उतरवायचं आणि घामाचे डाग बघायचे. दोन्ही बाजू सारख्या भिजलेल्या असतील तर ठीक. ओल्या पाठीत मधेच कोरडा ठिपका दिसला, तर तिथे एक तर दाब फार आहे किंवा खोगीर टेकतच नाही. हाताने चाचपून कोणतं ते ठरवायचं. आणि पाठीवर पांढऱ्या केसांचे पुंजके दिसले तर तो जुन्या दाबाचा, जुन्या जखमेचा पुरावा. बखरीत नसलेला इतिहास असा घोड्याच्या अंगावर लिहिलेला असतो.

आता पुन्हा चिपळूणला येऊ. राज्याभिषेकाच्या आगेमागे महाराजांनी तिथल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठाची गोष्ट म्हणून आपण ते सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण पत्राची सुरुवात घोड्याच्या पोटापासून होते. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच उधळलंत, तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय आहे. पुढचा धोकाही त्यात सांगितला आहे. वैरण संपली की लोक कुणब्याच्या घरात शिरणार.

आमच्या मते खोगीराची गोष्टही इथेच येऊन मिळते. पत्रात खोगीराचा उल्लेख नाही. पण अर्धपोटी घोड्याच्या पाठीवरचं मांस उतरतं आणि कणा वर येतो. चैत्रात नीट बसणारं खोगीर दसऱ्याला त्याच घोड्याच्या हाडावर टेकतं. शिवाय कोकणचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. ओली लोकर वाळत नाही, गोळा होऊन दगडासारखी बसते, आणि भिजलेली कातडी लवकर सोलवटते. म्हणून सीमोल्लंघनाआधी शस्त्रं घासायची, तशी खोगीरंही उसवून, भरती पिंजून, वाळवून पुन्हा भरायला हवीत.

हे काम कोण करत होतं? सभासदाच्या बखरीत पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाण्याची सोय झाली, खुराची झाली. पाठीसाठी मात्र या दोघांसारखा वेगळा माणूस नाही. त्यावरून आम्ही अंदाज बांधतो की ते काम स्वाराच्या किंवा त्याच्या चाकराच्याच हातचं होतं. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराच्या घोड्याची पाठ गेली म्हणजे त्याचं भांडवल गेलं. सुईदोऱ्याने भरती नीट करणं ही त्याच्यासाठी पोटापाण्याची बाब होती.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. माथेरानमध्ये आजही मोटारींना बंदी आहे आणि ओझी घोड्यांच्या पाठीवरून जातात. कोकणच्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणारी घोडी उभी असतात. तिथे खोगीराखाली वाळू आणि खारं पाणी जातं, आणि दर फेरीला पाठ घासली जाते. आपल्या देशात 1965 च्या नियमांनी तट्टावर लादायच्या ओझ्याची मर्यादा 70 किलो ठरवली. नियम चांगला आहे. पण 40 किलोचं ओझंही वाईट गादीवर ठेवलं तर जखम होणारच, कारण तराजू एकूण वजन सांगतो, ते नेमकं कुठे पडतं हे सांगत नाही.

तेव्हा इथून पुढे किनाऱ्यावर घोड्यावर बसण्याआधी मालकाला विनंती करा, "दादा, जरा खोगीर उचलून पाठ दाखवता का?" पाठ कोरडी, स्वच्छ, बिनजखमेची असेल तर खुशाल बसा. नसेल तर फेरीचे पैसे देऊन टाका आणि चालत जा, म्हणजे त्या माणसाची रोजी बुडणार नाही आणि घोड्याच्या पाठीला तेवढा विसावा मिळेल. आजच्यासाठी एवढंच.